धान्याचा कस

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत एक चमत्कारिक संकट उद्भवलें, तें तुमच्यापैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवांतील माणसांच्या डोक्यास प्रथम खाज सुटे. मग केंसांतून हात फिरवितांच केंसांचे पुंजके हातांत येत. आणि तीन-चार दिवसांत डोकें साफ उघडें पडे. जानेवारी संपतां संपतां १८ गांवांतील २७९ माणसांस या विकारानें गांठलें होतें. त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. केंस गेल्यानें मनुष्य मरत नाहीं हें खरें. परंतु ज्या मुलीचें लग्न ठरत आहे तिला, किंवा जिला रोज शाळेंत यावयाचें आहे तिला, हें समाधान काय कामाचें?

आमच्या वर्गांतहि त्या दिवसांत एक मुलगी डोक्यास घट्ट रुमाल बांधून मागच्या बाकावर बसूं लागली. कोणी तरी हंसलें. त्या दिवशीं आम्हीं ठरलेला पाठ बाजूस ठेवून मुलांस दोन गोष्टी सांगितल्या : एक ही कीं, हा विकार शेजारीं बसल्यानें लागत नाहीं, आणि दुसरी ही कीं, सारा दोष विहिरीच्या पाण्याचा आहे. पहिली गोष्ट खरी ठरली, दुसरी खोटी ठरली. शिक्षकानें उतावीळपणें बोललेलें वाक्य मुलें घरीं नेतात व तें गांवभर होतें, याचा अनुभव आम्हांस तेव्हां पुरतेपणीं आला. आमच्या स्वतःच्या घरीं पाणी उकळून पिण्याचा क्रम सुरू झाला. पोळ्या मात्र पूर्वीप्रमाणेंच होत राहिल्या. त्या चुकीची थोडीबहुत भरपाई करावी, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों.

पाण्याचा संशय अगदींच निराधार होता असें नव्हे. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूस पूर्णा नदीच्या खोऱ्यांत जो खारपाण पट्टा आहे, तेथील विहिरींचें पाणी खारट. तें पिण्यासहि वाईट व पिकासहि वाईट. शिवाय तपासणींत पाण्यांत नायट्रेटचें प्रमाण फार आढळलें होतें. कोणी बुरशीचें नांव घेतलें, कोणी साबणाचें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचीं पथकेंहि येऊन गेलीं. परंतु या प्रश्नाला निराळी दिशा देणारे गृहस्थ म्हणजे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावरील उपचाराच्या संशोधनानें ज्यांचें नांव जगभर झालें व ज्यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली, तेच हे. त्यांचें जन्मगांव आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांत आहे. त्यांनीं या गांवीं येऊन लोकांचें रक्त, लघवी व केंस यांचे नमुने घेतले. आणि त्याबरोबर घरांतील गहूंहि तपासण्यास नेला. २०२५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नेहमीच्या मानानें रक्तांत ३५ पट, लघवींत ६० पट व केंसांत १५० पट सेलेनियम सांपडलें. जस्ताचें प्रमाण मात्र उतरलेलें होतें. रेशनच्या दुकानांतून आलेल्या गव्हांत दर किलोस १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतें. तोच गहूं स्वच्छ धुतला तेव्हां तें १३.६१ झालें.

या शेवटच्या दोन आंकड्यांकडे मुलांनीं नीट लक्ष द्यावें. धुतल्यानें फार थोडा फरक पडला. म्हणजे हें द्रव्य दाण्यास बाहेरून लागलेलें नव्हतें. कोणी फवारलेलें नव्हतें, धुळीबरोबर आलेलें नव्हतें. तें दाण्याच्या आंत होतें. रोपट्यानें तें मुळावाटें जमिनींतून उचलून ओंबीपर्यंत पोंचविलें होतें. जमीन जशी, तसा दाणा; आणि दाणा जसा, तसें शरीर, ही गोष्ट कोणत्याहि पाठ्यपुस्तकापेक्षां या गव्हानें अधिक स्पष्ट करून दाखविली.

सेलेनियम हें मूलद्रव्य बर्झेलियस नांवाच्या स्वीडन देशांतील रसायनशास्त्रज्ञानें १८१७ सालीं शोधलें व ग्रीक भाषेंतील चंद्राच्या नांवावरून त्याचें नांव ठेविलें. तें विष आहे असें म्हणावें तर चूक, औषध आहे म्हणावें तरीहि चूक. मोठ्या माणसास दिवसाकांठीं सुमारें ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचे ५५ भाग, इतकें सेलेनियम पुरतें. तें मुळींच न मिळालें तर हृदय दुबळें होतें. चीनमधील केशान प्रांतभागांत असा हृदयविकार १९३५ सालापासून नोंदला गेला आहे. उलट, रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढें तें पोटांत जाऊं लागलें कीं अपायाची भीति सुरू होते. आतां आठवीच्या मुलांनीं हें गणित करावें. किलोमागें १४.५२ मिलिग्रॅम असलेल्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या एखाद्या माणसानें दिवसांत खाल्ल्या, तर त्याच्या पोटांत किती सेलेनियम गेलें ? उत्तर ४.३५६ मिलिग्रॅम, म्हणजे ४,३५६ मायक्रोग्रॅम येतें. तें गरजेच्या सुमारें ८० पट व मर्यादेच्या जवळजवळ ११ पट आहे. चीनमध्येंच एन्शी भागांत १९६० च्या पुढील कांहीं वर्षांत अशाच रीतीनें जमिनींतील सेलेनियम धान्यांत उतरून लोकांचे केंस व नखें गळाली होतीं. आपल्याकडेहि २०२५ च्या एप्रिलांत त्याच गांवांतील कांहीं लोकांचीं नखें गळूं लागल्याचें वर्तमान आलें, तें या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

रोपटें असलें द्रव्य घेतें तरी कां ? त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. सेलेनियम हें गंधकाचें भावंड. दोघांचे रासायनिक गुण इतके सारखे कीं, मुळाच्या ज्या दारानें गंधक आंत येतो त्याच दारानें सेलेनियमहि शिरतें, आणि दारावरच्या पहारेकऱ्यास दोघांतील भेद ओळखतां येत नाहीं. पुढें दाण्यांतील प्रथिनांत गंधकाच्या जागीं तें जाऊन बसतें. केंस व नखें हीं गंधकयुक्त प्रथिनांचींच बनलेलीं असल्यामुळें माणसाच्या देहांत त्याचा पहिला तडाखा तेथेंच बसतो, असें समजतात.

मग असा गहूं आला कोठून ? डॉ. बावस्कर यांचें अनुमान पंजाबकडे बोट दाखवितें. तेथें शिवालिक टेकड्यांच्या पायथ्यास, नवांशहर व होशियारपूर या भागांत, सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत, ही गोष्ट लुधियाना येथील कृषि विद्यापीठाच्या संशोधकांनीं पुष्कळ वर्षांपूर्वींच दाखविली आहे. टेकड्यांवरून पावसाळी ओढ्यांबरोबर गाळ वाहून आला, त्यांत तें द्रव्य होतें. परंतु सगळा दोष टेकड्यांवर टाकतां येत नाहीं. भात आणि गहूं, पुन्हां भात आणि गहूं, असें चक्र वर्षानुवर्षें चालवावयाचें म्हणजे नळविहिरींतून अपार पाणी उपसावें लागतें. त्या भागांतील भूगर्भांतल्या पाण्यांतहि सेलेनियम असतें, आणि प्रत्येक पाटाबरोबर तें वरच्या मातींत येऊन सांचतें. जमिनीपासून एका वर्षांत दोन भरघोस पिकें काढण्याच्या या पद्धतीस सघन शेती म्हणतात. तिनें देशाचीं कोठारें भरलीं. आणि कांहीं ठिकाणीं तिनें खोल पडून राहिलेलें द्रव्यहि वर आणिलें.

आणि असा गहूं वऱ्हाडांतल्या माणसानें इतका खाल्ला कां, हाहि प्रश्न विचारलाच पाहिजे. पालकांपैकीं ज्यांचे केंस पिकले आहेत त्यांस आठवत असेल कीं, आपल्या घरांत पोळी ही सणावाराची व पाहुण्याची. रोजची ती ज्वारीची भाकर, तिच्याबरोबर ठेचा, अंबाडीची भाजी, तुरीचें वरण. हिंवाळ्यांत कळण्याची भाकर. ज्वारी स्वतःच्या शेतांत, मूग-उडीद-तूर तिच्या शेजारीं. पुढें कापसानें जागा घेतली, मग सोयाबीननें. ज्वारीचें शेत आक्रसत गेलें. पांखरें राखावयास माणूस नाहीं, रानडुकरें उभें पीक लोळवितात, भाव मिळत नाहीं; शेतकऱ्यानें काय करावें ? शेतांत जें पिकतें तें बाजारांत जातें व पोटांत जें जातें तें दुकानांतून येतें, अशी स्थिति झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें रेशनचा गहूं दोन रुपये किलोनें मिळूं लागला. २०२३ च्या जानेवारीपासून तो फुकट झाला. गरिबाच्या घरीं चूल पेटती राहिली हें या योजनेचें मोठें पुण्य आहे, आणि तें आम्ही कमी लेखीत नाहीं. पण दहा गांवच्या दहा शेतांतील धान्य खाणाऱ्यास एका शेताचा दोष बाधत नाहीं. एकाच कोठाराचें धान्य तिन्ही त्रिकाळ खाणाऱ्यास बाधूं शकतो.

येथवर जी गोष्ट सांगितली ती अधिक झाल्याची. आतां उणें झाल्याची सांगावयाची आहे. ती केंसांप्रमाणें तीन दिवसांत डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती अधिक कठीण.

इंग्लंडांत रोथॅमस्टेड म्हणून एक शेतीसंशोधनाचें ठिकाण आहे. तेथें जॉन लॉज या गृहस्थानें गिल्बर्ट नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्यानें १८४३ सालीं एका शेतांत गहूं पेरून प्रयोगास आरंभ केला. शेताचे पट्टे पाडले : एकास कांहींच खत द्यावयाचें नाहीं, एकास शेणखत, बाकीच्यांस निरनिराळीं रासायनिक खतें. तो प्रयोग आजतागायत चालू आहे. लॉज गेला, गिल्बर्ट गेला, राज्यें बदललीं, दोन महायुद्धें झालीं, परंतु त्या शेतांत दर वर्षीं गहूं पेरला जातो. आणि दर वर्षीं त्यांतील मूठभर दाणे बरणींत भरून, चिठ्ठी लावून ठेवले जातात. हे दाणे पुढें कशाच्या उपयोगीं पडतील याची त्या पहिल्या माणसांस कल्पना नव्हती. नुसतें नीट ठेवावें, एवढेंच त्यांस ठाऊक होतें. आमच्या प्रयोगशाळेंतील मुलांस आम्ही चिठ्ठ्या लावण्याविषयीं जो त्रास देतों, त्याचें समर्थन आम्हांस या बरण्यांत सांपडतें.

२००८ सालीं शास्त्रज्ञांनीं या जुन्या बरण्यांतले दाणे तपासून प्रसिद्ध केलें कीं, १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गव्हांतील जस्त, लोह, तांबें व मॅग्नेशियम यांचें प्रमाण जवळजवळ स्थिर होतें. त्यानंतर तें उतरूं लागलें. कां उतरलें ? जमीन रिती झाली म्हणावें, तर मातीच्या जुन्या नमुन्यांत तीं द्रव्यें कमी झालेलीं नव्हतीं. कोठें वाढलींच होतीं. रासायनिक खतानें म्हणावें, तर शेणखताच्या पट्ट्यांत आणि मुळींच खत नसलेल्या पट्ट्यांतहि तोच उतार. मग बदललें तें काय ? बदललें तें बियाणें. त्याच सुमारास उंच गव्हाच्या जागीं ठेंगण्या जातीचा, भरपूर उत्पन्न देणारा गहूं आला.

त्याचें इंगित आमच्या आयाबहिणींस समजावून सांगण्याची गरज नाहीं. पंक्तीला ऐन वेळीं पांच पाहुणे वाढले म्हणजे वरणांत पाणी घालतात. वरण सगळ्यांस पुरतें, डाळ मात्र तेवढीच असते. ठेंगण्या रोपट्याची पानें सूर्यप्रकाश पकडून पिष्टमय द्रव्य भराभर दाण्यांत ओततात. मूळ मात्र त्या मानानें जस्त व लोह उचलूं शकत नाहीं. दाणे अधिक, दाण्याचें वजन अधिक, परंतु दर दाण्यामागें खनिजाचा वांटा थोडा. भाजीपाल्याविषयींहि असेंच आढळलें आहे. अमेरिकेंतील डेव्हिस नांवाच्या शास्त्रज्ञानें २००४ सालीं ४३ भाज्या-फळांचीं १९५० व १९९९ सालचीं कोष्टकें ताडून पाहिलीं, तों प्रथिनें, कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व यांसह सहा द्रव्यांचा उतार दिसला. आणि त्यानेंहि मुख्य बोट ठेविलें तें अधिक उत्पन्नासाठीं निवडलेल्या वाणांवर.

ही ठेंगणी गव्हाची जात आपल्या देशांतहि आली. १९६६ सालीं मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणें जहाजांनीं आणविलें गेलें, आणि त्यांतून हरितक्रांति झाली. ज्यांस त्या क्रांतीचा राग येतो त्यांनीं त्यापूर्वींचीं, परदेशच्या धान्याच्या जहाजांची वाट पाहण्याचीं वर्षें आठवावीं. १९७२ च्या दुष्काळांत सुकडीवर दिवस काढलेल्या वृद्धांस विचारावें. आधी पोट भरलें पाहिजे, मग सकसतेची चर्चा. परंतु पोट भरलें म्हणून चर्चाच करूं नये, असेंहि नाहीं. भारतांत मागील पन्नास वर्षांत निघालेल्या भाताच्या व गव्हाच्या प्रमुख वाणांची तपासणी करून बंगालमधील व इतर ठिकाणच्या कृषिशास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं दाखविलें कीं, जुन्या वाणांच्या मानानें नव्या वाणांत जस्त तांदुळांत सुमारें एक तृतीयांश व गव्हांत सुमारें तीस टक्के उतरलें आहे. लोहहि दोहोंत उतरलें आहे. ज्या महाराष्ट्रांत २०१९-२१ च्या सरकारी पाहणींत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें, तेथें हा उतार लहान म्हणतां येणार नाहीं.

खताचा काय संबंध, हें पालक विचारतील. कारण घराघरांतून ऐकूं येतें कीं, युरियानें धान्याची चव गेली, कस गेला. हा वाद आजचा नव्हे. १९२६ सालीं निलगिरींतील कुन्नूर येथें मॅककॅरिसन या आयरिश डॉक्टरानें शेणखतावर वाढलेलें धान्य व रासायनिक खतावर वाढलेलें धान्य प्रयोगांतील प्राण्यांस चारून पाहिलें, आणि शेणखताचें धान्य अधिक पोषक ठरल्याचें लिहिलें. त्याच काळांत आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेस, इंदूर येथें, अल्बर्ट हॉवर्ड हे कापसाच्या संशोधनाच्या निमित्तानें आले होते. पऱ्हाटी, काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ठराविक वेळीं उलथून उत्तम खत करण्याची जी रीत ‘इंदूर पद्धति’ म्हणून सर्व जगांत गेली, ती त्यांची. या कामांत त्यांचे सहकारी यशवंत वाड हे होते, व १९३१ सालीं या विषयावर जें पुस्तक निघालें त्यावर दोघांचीं नांवें आहेत. हॉवर्ड यांचें नांव सगळे घेतात. वाड यांचें कोणी घेत नाहीं, म्हणून तें मुद्दाम येथें लिहिलें.

तथापि खरें तें सांगितलें पाहिजे. नुसतें शेणखत घातलें म्हणजे दाणा आपोआप सकस होतो, असें रोथॅमस्टेडच्या बरण्या सांगत नाहींत. युरियानें कस जातो, हें म्हणणेंहि सरसकट खरें नाहीं. नत्र मिळाल्यानें गव्हांतील प्रथिनें उलट वाढतात. अडचण आहे ती एकाच बाजूस भार पडण्याची. आपली कापसाची काळी जमीन चुनखडीची व विम्ल. जस्त आणि लोह तींत असतात, पण कुलूपबंद पेटींतील पैशासारखे. मुळास ते सहज मिळत नाहींत. पावसाळ्यांत सोयाबीनचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तें बहुधा याच लोहाच्या उपासाचें चिन्ह होय. अशा जमिनींत दर हंगामास पोत्यावर पोतें डी. ए. पी. ओतलें तर स्फुरद वाढतें, आणि स्फुरद वाढलें कीं मूळ जस्त आणखी कमी घेतें. शिवाय मुळांशीं एक सूक्ष्म बुरशी राहत असते. ती आपले धागे दूरवर पसरून जस्तासारखीं द्रव्यें मुळास आणून देते. स्फुरद आयतें मिळूं लागलें म्हणजे रोपटें या जुन्या नोकरास काढून टाकतें. उकिरड्याचें कुजलेलें खत येथें उपयोगीं पडतें : तें स्वतः थोडें जस्त देतें, आणि कुलुपांतील जस्त मोकळें करण्यासहि मदत करतें. म्हणून गोठा रिकामा झाला व उकिरडा गेला, याचें आम्हांस वाईट वाटतें. जुन्या दिवसांच्या प्रेमानें नव्हे.

यावर उपाय शास्त्रानेंहि शोधले आहेत. तुर्कस्तानांत अनातोलियाच्या पठारावर जमिनींत जस्त इतकें दुर्मिळ होतें कीं, १९९० नंतरच्या दशकांत खतांतून जस्त देतांच गव्हाचें उत्पन्नहि वाढलें व दाण्यांतलें जस्तहि वाढलें. फिनलंडनें तर १९८४ सालीं ठरवून सर्व देशाच्या खतांत सेलेनियम मिसळण्यास आरंभ केला, कारण तेथील जमिनींत तें फारच थोडें. जें द्रव्य आमच्या गांवीं अधिक झाल्यानें केंस गळाले, तेंच तेथें मुद्दाम खतांतून शेतांत घालतात ! आपल्या जवळ परभणीच्या कृषि विद्यापीठानें ‘परभणी शक्ति’ ही ज्वारी २०१८ सालीं काढली. साधारण ज्वारींत किलोमागें लोह ३० मिलिग्रॅम व जस्त २० मिलिग्रॅमच्या आसपास असतें, तर हींत तीं अनुक्रमें ४५ व ३२ आहेत. राहुरीच्या विद्यापीठाची ‘धनशक्ति’ बाजरी त्याच्याहि आधीची. म्हणजे अधिक उत्पन्नासाठीं वाण निवडतां येतो तसा सकसतेसाठींहि निवडतां येतो. आजवर कोणी तसें मागितलें नाहीं, इतकेंच.

घरांतील गोष्टीहि थोडक्या नाहींत. आम्ही शेतकऱ्यास दोष देतों, पण गव्हाचें बारीक पांढरें पीठ करतांना चाळणी जो कोंडा बाहेर टाकते, त्याबरोबर निम्म्याहून अधिक जस्त जातें. तितकें कोणत्याहि वाणानें नेलेलें नाहीं. कडधान्यास मोड आणले, पीठ आंबविलें, म्हणजे धान्यांत जखडलेलें लोह व जस्त अधिक लागूं पडतें. पालेभाजीवर लिंबू पिळावें. जेवणावर लगेच चहा पिऊं नये, तो लोह अडवितो. शेताच्या बांधावरची तांदुळजा, पाथरी, घोळ, तरोटा या भाज्यांस कोणी पेरीत नाहीं व खतहि घालीत नाहीं. तणनाशकाच्या फवाऱ्यांत मात्र पहिल्यानें मरतात त्या ह्याच. आणि रेशनचा गहूं घरीं येतो त्या घरानें तो टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या जोडीला आठवड्यांतून निदान निम्मे दिवस ज्वारी किंवा बाजरी असावी. एकाच घरांत एकाच वेळीं दोघांतिघांचे केंस किंवा नखें गळूं लागलीं, तर गंडेदोरे न करतां दवाखान्यांत जावें, व जातांना खाल्लेल्या धान्याची एक पुडी बरोबर न्यावी.

आमच्या शाळेच्या मागें मुलांनीं मेथीचे दोन वाफे केले होते, त्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करतों. एकास आम्हीं हात भरून युरिया दिला, दुसऱ्यास कुजलेलें शेणखत. युरियाच्या वाफ्यांतील मेथी हिरवीगार, हातभर, दुसरी बेताची. काढणीच्या दिवशीं दोहोंची ओली भाजी तोलली, तेव्हां पहिल्या वाफ्याचें पारडें धाडकन् खालीं गेलें व मुलांनीं टाळ्या पिटल्या. मग दोन्ही भाज्या सावलींत कागदावर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळविल्या व पुन्हां तोलल्या. पारडीं या वेळीं इतकीं जवळ आलीं कीं, कोणतें जड हें सांगण्यास मुलांस वांकून पाहावें लागलें. पहिल्या वाफ्याची बढाई बरीचशी पाण्याची होती. लोह किंवा जस्त आमच्या तराजूंत तोलतां येत नाहीं, म्हणून त्याविषयीं या प्रयोगावरून कांहीं म्हणतां येणार नाहीं, असें आम्हीं फळ्यावर मुद्दाम लिहिलें.

रुमाल बांधून येणारी ती मुलगी त्या दिवशीं तराजू धरून उभी होती. उन्हाळ्याच्या सुटीनंतर ती परत आली तेव्हां तिच्या डोक्यावर बोटभर केंस आले होते; त्या गांवांतील इतरहि पुष्कळांस ते पुन्हां आले आहेत. तिच्या वडिलांनीं यंदा धुऱ्यालगतच्या दोन तासांत ज्वारी पेरली आहे, असें ती सांगत होती, आणि पांखरें राखण्यासाठीं कणसें भरतील त्या आठवड्यांत चार दिवसांची रजा मिळेल काय, असें तिनें विचारलें आहे.